प्रकृती बदलत नाही

मे महिन्यातलं फलटणचं ऊन, आणि समोर बसलेल्या बाईंच्या अंगात स्वेटर. नाडी बघायला हात घेतला तर गार. वय चाळिशीच्या आसपास, एसटीत कंडक्टर. बसताबसताच म्हणाल्या, "मॅडम, माझी कफप्रकृती आहे. वजन उतरायचं औषध द्या." मोबाइलवर कुठलीतरी प्रश्नावली भरली होती. सुस्ती, झोप, थंडी, वाढतं वजन, सगळ्याला 'हो'. उत्तर आलं कफ. तेव्हापासून जेवणाआधी त्रिकटू, म्हणजे सुंठ-मिरी-पिंपळीचं चूर्ण, चालू.

वरवर पाहता जुळत होतं. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत, विमानस्थान या भागाच्या आठव्या अध्यायात, कफप्रकृतीची माणसं 'मन्दचेष्टाहारव्याहाराः' म्हणजे हालचाल, खाणं, बोलणं सगळं संथ असलेली, असं म्हटलंय. या बाई तर प्रश्न ऐकून थांबायच्या आणि मग घोगऱ्या आवाजात एकेक शब्द काढायच्या.

नवरा शेजारी बसला होता. ऊसशेती करणारा, आडव्या बांध्याचा गडी. बराच वेळ गप्प होता. मग शांतपणे म्हणाला, "मॅडम, ही अशी नव्हती. भरल्या गाडीत मागनं पुढं तिकिटं काढत यायची, तोंडानं सुट्ट्यासाठी भांडण चालूच. आता स्टॉप येऊन जातो, तरी हिची तिकिटं राहिलेलीच."

निदान त्या वाक्यात होतं. आयुर्वेदाचा दुसरा मोठा ग्रंथकार सुश्रुत शारीरस्थानात स्पष्ट सांगतो की प्रकृती गर्भधारणेच्या वेळीच ठरते आणि पुढे बदलत नाही. बदललीच तर आयुष्य सरत आल्याची खूण समजावी. दीड-दोन वर्षांत चपळ बाई मंद झाली असेल, तर ती प्रकृती नव्हे, विकृती, म्हणजे आजार. मोबाइलवरची प्रश्नावली आज कशा आहात एवढंच विचारते. पहिल्यापासून कशा होतात, हे विचारल्याशिवाय प्रकृतिपरीक्षण होतच नाही.

मग बाकीचंही दिसू लागलं. कफाची त्वचा स्निग्ध असते, केस दाट. यांची त्वचा खरखरीत, केस गळलेले, भुवयांची बाहेरची टोकं विरळ. घोट्याचा रिफ्लेक्स पाहिला, तर पाऊल हललं पण जागेवर यायला रेंगाळलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी, करायला सांगितलं. ग्रंथी मंदावली की हा आकडा वाढतो. जिथं साधारण पाचच्या आत हवं, तिथं 68 आलं. थायरॉइड पार मंदावलेली. त्रिकटू बंद केलं आणि त्याच दिवशी फिजिशियनकडे चिठ्ठी दिली. थायरॉइड हार्मोनची गोळी, लेव्होथायरॉक्सिन, सुरू झाली, रोज सकाळी रिकाम्या पोटी.

कफप्रकृती म्हणजे जणू एखादं दुखणंच, अशा समजुतीनं लोक येतात, याचं मला फार वाईट वाटतं. सुश्रुतानं कफाच्या माणसाला कृतज्ञ, धीराचा, सोशिक, बलवान म्हटलंय. उशिरा शिकतो, पण शिकलेलं धरून ठेवतो. ग्रीकांकडून युनानीत आलेला बलगमी मिजाजही, म्हणजे त्यांची कफाची प्रकृती, थंड आणि ओलाच. पण तोही मिजाज आहे, आजार नव्हे.

पुढच्या तपासणीला दोघं आले तेव्हा स्वेटर नव्हता, आवाज बराच मोकळा झाला होता आणि गोळी जन्मभर का घ्यायची यावर बाई माझ्याशी हुज्जत घालत होत्या. निघताना नवऱ्यानं विचारलं, "मग मॅडम, कफप्रकृती म्हणजे नेमकी कशी असते?" म्हटलं, "तुमच्यासारखी. लहानपणापासून असेच आहात ना?" त्यानं थोडा विचार केला. "हो, आई म्हणायची, याला राग यायलाच दुपार होते."

त्याला मी कुठलंही औषध दिलं नाही.