नोंदवहीतला ‘प्राणी’ हा रकाना

गेल्या दिवाळीनंतर मी संग्रहाची नोंदवही नव्याने लिहायला घेतली आणि जुन्या वहीत नसलेला ‘प्राणी’ हा एक रकाना तीत वाढवला. तोपर्यंत देश, साल, धातू आणि दिलेली किंमत एवढेच टिपत होतो; ज्या नाण्यावर, टोकनावर किंवा पदकावर जनावर, पक्षी अथवा मासा आहे ते घ्यायचे, या एका नियमावर बारा वर्षांत दोनशेहून अधिक नग जमले होते. रकाना भरू लागल्यावर मात्र आपण निम्म्या ठिकाणी ‘बैल’, ‘पक्षी’, ‘मासा’ असे मोघम शब्द लिहीत आहोत, हे ध्यानात आले. त्यामुळे या वर्षी खरेदी कमी झाली आणि जवळ आहे त्याची ओळख पटवण्याचे काम अधिक झाले.

सर्वांत सोपे पान गेंड्याच्या पावलीचे निघाले. १९८८ ते २००२ या काळात निघालेले पंचवीस पैशांचे पोलादी नाणे आपण सर्वांनी हाताळलेले आहे, आणि त्यावरचा एकशिंगी गेंडा इतका स्पष्ट आहे की शंकेला जागाच नाही. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालची नाणी चलनातून गेली, तेव्हा कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका किराणा दुकानदाराकडून मी ती डबाभर उचलली होती. आता ती वर्ष आणि टांकसाळ यांप्रमाणे लावली आहेत. सालाखाली पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. ही खूण भिंगाखाली नीट पाहावी, कारण झिजलेली चौकट पुष्कळदा टिंबासारखी दिसते आणि माझी तीन नाणी याच कारणाने इतकी वर्षे चुकीच्या खणात पडली होती.

गणराज्याच्या १९५० च्या नाणेमालिकेने पहिला तात्त्विक पेच घातला. त्या मालिकेतल्या पैशावर धावता घोडा आहे. अर्धा आणा, आणा आणि चवली (दोन आणे) यांवर बैल आहे. आमच्या आजीच्या बटव्यातली चौकोनी चवली हेच माझे या विषयातले पहिले नाणे, म्हणून त्या बैलावर माझा विशेष जीव आहे. परंतु या प्रत्येक नाण्याच्या दुसऱ्या बाजूस सारनाथचे सिंहही आहेत. ते ‘प्राणी’ या रकान्यात धरायचे का? धरले तर गणराज्याचे प्रत्येक नाणे संग्रहात घ्यावे लागेल आणि संग्रहाला काही अर्थच उरणार नाही. राजमुद्रेतला, ढालीवरचा किंवा मुकुटावरचा प्राणी मोजायचा नाही, असे मी शेवटी ठरवले. आमच्या रविवारच्या बैठकीतल्या दोघा ज्येष्ठ संग्राहकांना हा नियम अजिबात मान्य नाही आणि त्यावर दोन रविवार खर्ची पडले. घोडा आणि बैल हे दोघेही सारनाथच्या स्तंभशीर्षाखालच्या पट्टीवर कोरलेले आहेत, तेव्हा राजमुद्रेतलेच दोन प्राणी आत घेऊन सिंहांना तेवढे बाहेर ठेवणे हा अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद बिनतोड आहे, पण नियम मी बदललेला नाही.

माझ्याच नियमाने मला लगेच अडचणीत आणले. पंचम जॉर्जच्या १९११ सालच्या रुपयावर राजाच्या वस्त्रावर एक बारीकसा हत्ती आहे. त्याची सोंड आणि पाय असे आखूड पडले की लोकांना ते डुक्कर वाटले, मुस्लिम समाजातून आक्षेप आला आणि पुढच्या वर्षापासून हत्तीची आकृती सुधारून घेण्यात आली. ‘डुकराचा रुपया’ या नावानेच तो आजही विकला जातो. वस्त्रावरचा अलंकार हा काही नाण्याचा मुख्य विषय नव्हे. तरीही ज्या नाण्याची सारी कथाच प्राण्याच्या ओळखीवर उभी आहे ते बाहेर ठेवणे मला जमले नाही. रकान्यात ‘हत्ती’ असे लिहून अपवादाची खूण केली आहे. शेजारच्याच खणात १९४६ आणि १९४७ ची वाघाची नाणी आहेत. ती निकेलची असल्यामुळे लोहचुंबकाला चिकटतात, तर १९५० च्या बैलाची नाणी तांबे-निकेल मिश्रधातूची असल्याने चिकटत नाहीत. बाजारात घाईत पारख करायची झाल्यास खिशातला छोटा चुंबक फार उपयोगी पडतो.

कोल्हापूरचा माणूस हत्तीच्या नाण्यांविषयी लिहील आणि गावातल्या ब्रह्मपुरी टेकडीला वगळील, हे शक्य नाही. त्या टेकडीवर मिळालेला, स्वार बसलेला काशाचा हत्ती भाऊसिंगजी रोडवरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. त्याच्याबरोबर सापडलेल्या समुद्रदेव पोसायडनच्या मूर्तीपुढे जेवढी गर्दी असते तेवढी या हत्तीपुढे नसते, हे पाहणाऱ्यांचे दुर्दैव. सातवाहनांच्या पोटीन (तांब्याची एक हलकी मिश्रधातू) नाण्यांवर एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला उज्जयिनीचे चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे, असते. माझ्याजवळ अशी दोन आहेत. त्यांतले एक इतके झिजले आहे की सोंडेची वळणदार रेघ आणि पाठीची कमान एवढ्यावरून हत्ती मानायचा. गंमत अशी की ज्यांना खऱ्या अर्थाने आमच्या गावची म्हणता येतील ती इथल्या प्राचीन कुर राजांची शिशाची नाणी माझ्या संग्रहात बसतच नाहीत, कारण त्यांच्यावर धनुष्यबाण, टेकडी आणि झाड आहे, प्राणी नाही. उन्हाळ्यात एका गृहस्थांनी ‘शेतात सापडलेली’ म्हणून मूठभर नाणी दाखवली, ती मी घेतली नाहीत. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे, हे त्यांना सांगितल्यावर ते चहा न घेताच उठले.

मराठेशाहीचे पान जवळजवळ रिकामे आहे. शिवराईवर अक्षरे आहेत. पुण्याच्या अंकुशी रुपयावर हत्तीचा अंकुश आहे, पण हत्ती नाही. बडोद्याच्या तांब्याच्या पैशावर घोड्याचा फक्त खूर आहे. खूर हा प्राणी धरावा का, हा प्रश्न मी बैठकीत मुद्दामच काढलेला नाही. इंदूरच्या होळकरांनी मात्र तांब्याच्या पाव आण्यावर आणि अर्ध्या आण्यावर अख्खा बसलेला नंदी दिला, आणि तेवढ्याने ते पान वाचले.

परदेशी नाण्यांत या वर्षी दोन गोष्टी मनासारख्या मिळाल्या. पहिली म्हणजे इंडोनेशियाचे १९९१ चे शंभर रुपियांचे नाणे. त्यावर मादुरा बेटावरची बैलांची शर्यत आहे, आणि शर्यतीचा नाद असलेल्या आमच्या पट्ट्यातला कोणीही ते एकदा हातात घेतल्यावर चटकन परत देत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे फिलिपिन्सचा १९८३ चा संच. प्राण्याचे शास्त्रीय नाव नाण्यावरच कोरलेले असल्यामुळे माझा रकाना आपोआप भरेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात गरुडाच्या पन्नास सेंटिमोवर ‘पिथेकोफागा’च्या जागी ‘पिथेकोभागा’ असे चुकून पडलेले आहे आणि सुधारलेली नाणी नंतर निघाली. मला चुकीचे मिळाले, म्हणजे संग्राहकाच्या हिशेबाने बरोबरच मिळाले. आयर्लंडच्या १९२८ च्या संचातल्या आठांपैकी पाच नाणी झाली आहेत. पर्सी मेटकाफ यांनी काढलेल्या डुकरिणीत आणि बैलात कृषी खात्याच्या सांगण्यावरून बदल करावे लागले होते, हे वाचल्यापासून माझ्या रकान्याबद्दलचा माझा हट्ट मला तितकासा विचित्र वाटत नाही.

एक चूक कबूल करायला हवी. टिपूचा हत्तीचा पैसा घरी आला त्या दिवशी मी गावाला गेलो होतो, आणि घरच्यांनी तांब्याचे भांडे घासावे तसा तो चिंच लावून लख्ख करून ठेवला. शंभर-दोनशे वर्षांत चढलेली तपकिरी झळाळी गेली ती गेलीच, आणि आता हत्तीच्या झुलीवरची नक्षी पूर्वीपेक्षा कमी दिसते, कारण खोलगट भागातला काळेपणाच तिला उठाव देत होता. तेव्हापासून नवीन नग थेट कुलपात जातो. आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि मऊ पीव्हीसीच्या पिशव्या पूर्णपणे बाद केल्या आहेत. त्यांच्यामुळे तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो.

उरली म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवून, मोरपिसे लावून ज्या गावात म्हशी मिरवतात, तिथल्या संग्रहात म्हैस नसावी हे मला बरेच दिवस खटकत होते. अमेरिकेच्या १९१३ ते १९३८ मधल्या पाच सेंटांना ‘बफेलो’ म्हणतात, पण त्यावर आहे तो बायसन, आणि तो आपल्या दाजीपूरच्या गव्यापेक्षाही वेगळा. फिलिपिन्सच्या एक पिसोवरचा तमाराव हा रानम्हशीचा ठेंगणा भाऊबंद. सध्या त्याच्यावरच भागवले आहे. या पाडव्याला मात्र ओळखीच्या एका गवळ्याने, आपल्या म्हशीला मिळालेले पितळी पदक संग्रहासाठी आणून दिले. उलटून पाहिले तर मधल्या चकतीवर ठिपक्याठिपक्यांची परदेशी गाय होती. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, “सर, मिळालंय म्हशीलाच. पण चकती दुकानात जी हुती तीच बसवली त्यांनी.” नोंदवहीत मी लिहिले: ‘प्राणी’ गाय, ‘निमित्त’ म्हैस. ‘निमित्त’ हा रकाना त्यासाठी नव्याने आखावा लागला.