चार नंबरचा बेड

आयसीयूतल्या पेशंटला बसवायचं, उभं करायचं, छातीतला कफ काढायला लावायचं, हे फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं रोजचं काम. पुढे घरी त्यांचं काय होतं ते फारसं कळत नाही. म्हणून दीड महिन्याने चार नंबरच्या बेडवरचे काका ओपीडीत दिसले तेव्हा मी खूश झाले. पायाच्या जखमेतून सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयवच बिघडायला लागणं, त्यात जुनी शुगर, नऊ दिवस व्हेंटिलेटर. त्यातून उठलेला माणूस!

काकू मात्र वैतागल्या होत्या. "रिपोर्ट सगळे नॉर्मल, आणि हे दिवसभर पडून. संडासला बसले की उठवायला दोघं लागतात. रात्री ओरडत उठतात. केस तर मूठमूठ गळतात. लोक म्हणतात, बाहेरचं काहीतरी असेल."

बाहेरचं कसलं! सेप्सिसमध्ये स्नायू झपाट्याने झिजतात. हात छातीशी धरून खुर्चीतून उठायला सांगितलं. तीस सेकंदांत दोनदा उठले, तिसऱ्यांदा धपकन बसले. केसही मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी असे गळतात आणि परत येतात.

"उठलं की घेरी येते," काका म्हणाले. झोपवून आणि उभं करून बीपी मोजलं, उभ्याने बरंच खाली. काकूंनी पिशवीतून गोळ्या काढल्या. डिस्चार्ज कार्डवरची ॲम्लोडिपिन, म्हणजे बीपी कमी करायची गोळी, आणि घरातली जुनी पट्टी, तीही ॲम्लोडिपिनच. कंपन्या वेगळ्या, म्हणून दोन्ही चालू. वजन अकरा किलोंनी उतरलेलं. लगेच वरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे सगळं डिस्चार्जच्या दिवशी बोलायला हवं होतं. मीसुद्धा तेव्हा फक्त "चालत राहा" एवढंच सांगितलं होतं.

डॉक्टरांनी एक पट्टी बंद केली. परत येऊन काका हळूच म्हणाले, "मॅडम, एक विचारू? मला तिथं दावणीला बांधलं होतं का? की माझं डोकं फिरलंय?"

"बांधलं होतं. दोन्ही मनगटं, बँडेजने. तुम्ही व्हेंटिलेटरची नळी उपसत होता."

काका बराच वेळ मनगटं चोळत राहिले. काकूंना हे माहीत होतं, पण काकांना वाईट वाटेल म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

सिस्टरना विचारून दोघांना आयसीयूत नेलं. चार नंबर रिकामा होता. काकांनी बेडच्या कठड्यावरून हात फिरवला, वर दिव्याकडे पाहिलं, मॉनिटरकडे पाहिलं.

"मला वाटायचं गोठा आहे," ते म्हणाले. "आणि खिडकी ह्या बाजूला होती."