केळघरचा चढ, राजपुरीची लाँच आणि कुड्याची लेणी: कोलाड-मुरुड-दिवेआगर सायकलने

रोह्याहून मुरुडला सायकलने जायचं असेल तर केळघरचा रस्ता धरू नका. हे सगळ्यात आधी लिहितोय, कारण बाकीचं कुणी वाचलं नाही तरी एवढं वाचावं. नकाशात तो जवळचा दिसतो. रोह्यात ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनीही "केळघरवरून जा, लवकर पोचाल" असंच सांगितलं. सांगणारे सगळे मोटारसायकलवाले होते, हे आमच्या ध्यानात घाटात आलं.

गेल्या डिसेंबरात मी आणि माझा मावसभाऊ असे दोघं निघालो होतो. चार दिवस, बारीक टायरच्या रोड सायकली, सामान मागच्या कॅरियरला. कोलाड, रोहा, मुरुड, दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन आणि परतताना कुडा, तळा, इंदापूर असा फेरा. ज्यांना दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर आणि दोन-तीन खडे चढ जमतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. पंक्चर काढायला शिकून मगच या.

पहिली फसगत कोलाडलाच झाली. मुळशी धरणाचं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं. हे वीजघर 1927 सालचं. या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशीच्या शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला, तो 1921 पासूनचा. वीज करून झाल्यावर ते पाणी कुंडलिका नदीत येतं. सकाळी याच पाण्यावर राफ्टिंगवाल्यांच्या होड्या चालतात, आणि पुढे डोलवहालच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांत वळवलंय. कोकणात पावसाळा सरला की शेतं ओसाड पडतात. इथे मात्र कालव्याच्या जोरावर उन्हाळी भात होतो. घाटमाथ्यावर ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांचं पाणी आज खालच्या शेतांत खेळतंय. हे सगळं वाचून गेलो होतो, म्हणून कालव्याच्या दांडावरून सायकल चालवायची फार इच्छा होती. एका ओळखीच्या माणसाने "कालव्याच्या कडेने सपाट रस्ता आहे, थेट रोह्याकडे जाता येतं" असं सांगितलंही होतं.

सपाट आहे, हे खरं. सुरुवातीला थोडा बराही आहे. पुढे मुरूम, मग माती, मग गवत. आम्ही गेलो तेव्हा कालवा कोरडा होता आणि पाणी सोडण्याआधीची साफसफाई चालू होती. आतून काढलेला गाळ आणि तोडलेली झुडपं सगळी दांडावर आणून टाकलेली, त्यात बोरी-बाभळीचे काटे. पाऊण तासात तीन पंक्चर झाली, दोन माझी, एक त्याचं. तिसरं काढताना कालव्यात उतरून काम करणाऱ्या एका मावशींनी वर बघून विचारलं, "डांबरी सोडून हिकडं कशाला आलात?" उत्तर नव्हतं. कालवा बघायचाच असेल तर डांबरी रस्ता जिथे त्याला ओलांडतो तिथे थांबून बघा. जाड टायरची सायकल असेल तर दांडावरून खुशाल जा, पण पाणी सुटल्यावर, म्हणजे काटे झाडून गेलेले असतील आणि शेतंही हिरवी असतील.

त्यामुळे रोह्याला पोचायला साडेअकरा वाजले. अकराच्या पुढे कोकणातल्या चढाला हात घालू नये, हा माझाच नियम. तो मी मोडला.

केळघरच्या रस्त्याचा सुरुवातीचा भाग छान आहे, म्हणूनच माणूस फसतो. दोन्हीकडे शेतं, वाड्या, सावली. मग चढ सुरू होतो आणि वळणागणिक डांबर कमी होत जातं. आम्हाला एका टप्प्यावर नुसती मोठी खडी अंथरलेली मिळाली, वर रोलर फिरवलेला नाही. चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं, उभं राहून पायडल मारावं तर पुढचं चाक उचलतं. उतरून ढकलायला लागलो तर रोड सायकलच्या बुटांखाली दगड सरकतात. शेवटचे चार किलोमीटर आम्हाला एक तास दहा मिनिटं लागले, आणि त्यातला बहुतेक वेळ सायकली खांद्याने रेटण्यात गेला. दोन-दोन बाटल्या पाणी अर्ध्या चढातच संपलं. मध्ये दुकान नाही. एका टेम्पोवाल्याने थांबून स्वतःहून पाण्याची अख्खी बाटली दिली. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

माथ्यावर पोचलो की संपलं असं वाटतं, पण उतार चढापेक्षा वाईट आहे. खडी, मधूनच डांबराचा तुकडा, पुन्हा खडी. सतत ब्रेक दाबून दाबून माझ्या दोन बोटांना दुसऱ्या दिवशीही मुंग्या येत होत्या. मावसभाऊ एका वळणावर घसरला. कोपर सोललं, हँडल वाकडं झालं. वेग कमी होता म्हणून तेवढ्यावर भागलं. पुढेमागे रस्ता गुळगुळीत झाला तरी इथला चढ काही कमी होणार नाही.

मग जायचं कसं? दोन वाटा आहेत. एक भालगाव-सुपेगाववरून, फणसाड अभयारण्याच्या अंगाने. चढ तिथेही आहे, पण झाडी दाट आहे. दुसरी मला आता सगळ्यात पटते: रोहा, चणेरा, साळाव, आणि मग समुद्र उजव्या हाताला ठेवून कोर्लई, काशीद, नांदगाव, मुरुड. लांब पडते, पण पडू द्या. वाटेत कोर्लईचा किल्ला मिळतो. पोर्तुगीजांनी तो 1594 मध्ये घेतला, आणि त्या गावात आजही पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलणारी घरं आहेत. आम्ही जवळची वाट धरून हे सगळं गमावलं, याची हळहळ मला घाटातल्या त्रासापेक्षा जास्त आहे.

मुरुडला संध्याकाळी सहाला पोचलो. खानावळीत सुरमईचं ताट, चार-चार भाकऱ्या, तीन वाट्या सोलकढी. साडेआठला झोपलो.

दुसऱ्या दिवशी जंजिरा. राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचं, होडी भरली की सुटते. सायकली धक्क्यावरच्या चहाच्या टपरीशी साखळीने बांधा आणि त्यांच्याकडे नाश्ता करा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. किल्ल्याबद्दल एवढंच सांगतो की त्याचा दरवाजा होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आत चहूकडे खारं पाणी असून गोड्या पाण्याचे तलाव. राजपुरीच्या काठावर उभं राहिलं की संभाजी महाराजांनी 1682 च्या सुमारास इथून किल्ल्यापर्यंत दगडांचा सेतू टाकायला घेतला होता, ते अंतर डोळ्यांनी मोजता येतं. मी बराच वेळ ते मोजत उभा होतो. सायकलने दोन दिवस तो किनारा अंगावर घेतल्यावर त्या कामाची छाती समजते.

आता राजपुरीची लाँच. दिघीला जायला दोन पर्याय आहेत. राजपुरीहून माणसं नेणारी लाँच, आणि थोडं पुढे आगरदांड्याहून गाड्या नेणारी मोठी फेरीबोट, जिला इकडे जंगलजेटी म्हणतात. धक्क्यावर एकाने सांगितलं, लाँचमध्ये सायकली जातात, माणसाचं तिकीट तेवढं काढा. आम्ही चढवल्या. खाडीच्या मध्यावर आल्यावर दुसऱ्याच माणसाने एका सायकलचे तीनशे रुपये मागितले. आम्ही विचारलं, आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, सायकल म्हणजे लगेज, सीझनचा रेट आहे. खाडीत उतरता येत नाही, म्हणून सहाशे रुपये मोजले. वर टपाची कड घासून माझ्या सायकलचा रंग गेला तो वेगळाच. परतताना फेरीबोटीत आम्हा दोघांचं सायकलींसकट शंभर रुपयांच्या आत भागलं, पावती मिळाली, आणि सायकल ढकलत सरळ आत नेता आली, उचलावी लागली नाही. सायकल असेल तर राजपुरीहून फक्त जंजिऱ्याला जा, खाडी आगरदांड्याहूनच ओलांडा. तरीही लाँचनेच जायचं ठरवलंत तर धक्का सोडण्याआधी सायकलचे पैसे वेगळे विचारा, चार माणसांसमोर विचारा.

दिघी, बोर्ली पंचतन, दिवेआगर: एक चढ, बाकी मजेत. दिवेआगर ते श्रीवर्धन आरावीमार्गे समुद्राकाठचा रस्ता आहे, त्यावर सांगण्यासारखं काही घडलं नाही. उकडीचे मोदक खाल्ले. श्रीवर्धनला भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव म्हणून पाटी वाचली, आणि सुपारीच्या वाड्यांत फिरलो. तिथली रोठा सुपारी नावाजलेली. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात या भागातल्या सुपारी-नारळाच्या बागा झोपल्या, त्या नव्याने उभ्या राहताना दिसतात. संध्याकाळी परत दिवेआगर.

चौथ्या दिवशी आगरदांड्याहून मांदाडमार्गे कुडा. या फेऱ्यात एकच ठिकाण बघायची मुभा असेल तर मी जंजिरा सोडून कुडा घेईन. लेण्याखालची चढण शेवटी इतकी उभी आहे की मी सगळ्यात हलका गिअर टाकूनही दोनदा पाय टेकले. वर 26 लेणी, समोर राजपुरीच्या खाडीचं टोक, आणि आम्ही दोघं सोडून माणूस नाही. भिंतींवरचे ब्राह्मी लेख सांगतात की ही लेणी आणि पाण्याची टाकी कुणी दान दिली. त्यात मांदाडच्या महाभोजांच्या, म्हणजे इथल्या स्थानिक सत्ताधीशांच्या, घरची माणसं आहेत, तसे माळी आहेत, वैद्य आहेत, लोखंडाचा व्यापारी आहे. खाली बंदर होतं, घाटावरचा माल इथे उतरायचा, आणि बाजारातल्या माणसांनी पदरचे पैसे घालून डोंगरात हे कोरून घेतलं. सहाव्या लेण्याच्या दाराशी दगडी हत्ती आहेत. मी तिथे गार फरशीवर पाठ टेकून पंधरा मिनिटं पडलो. चार दिवसांत पहिल्यांदा पाय दुखायचे थांबले. कदाचित त्यामुळेही असेल, पण मला परत जायचं आहे ते फक्त तिथे.

कुड्याला जाताना खाणं-पाणी बरोबर न्या, वर काही मिळत नाही. तिथून तळा, इंदापूर हा रस्ता रुंद आहे, चढउतार सतत आहेत, पण डांबर चांगलं. तळ्याला वडापाव आणि ताक. तळगड खालून बघितला, चढायचं बळ नव्हतं.

इंदापूर ते कोलाड मुंबई-गोवा महामार्गावरून यावं लागतं. हा तुकडा उजेडातच संपवा. आम्हाला साडेसहा वाजले, अंधार पडलेला, मागून येणाऱ्या ट्रेलरचा वारा सायकल कडेला ढकलत होता, आणि कडेला रस्ता कुठे संपतो तेच कळत नव्हतं. मागचा लाल दिवा माझा चालू होता, त्याचा बंद पडला होता. मी त्याला पुढे घातलं आणि स्वतः मागे राहिलो. इंदापूरला चार वाजून गेले असतील तर सायकली एखाद्या टेम्पोत टाका, पैसे जातील तर जाऊ द्या.