निळी कांडी

एम्ब्रिऑलॉजिस्टला, म्हणजे लॅबमध्ये स्त्रीबीजं आणि गर्भ सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला, पेशंट दिसत नाही, डिश दिसते. थिएटर आणि लॅबच्या मधल्या खिडकीतून कोमट नळ्या आत येतात, पलीकडून नाव पुकारतात, मी ते परत म्हणते, एवढीच आमची ओळख. त्यामुळे पिकअपच्या, म्हणजे अंडाशयातून बीजं काढण्याच्या, आदल्या दिवशी साताऱ्याकडची एक मुलगी लॅबच्या दारात येऊन "ताई, दोन मिनिटं?" म्हणाली तेव्हा मी गडबडलेच.

वय २७, लग्न व्हायचंय. स्तनातली गाठ काढून तीन आठवडे झालेले, केमो तोंडावर, म्हणून त्याआधी बीजं काढून गोठवायची होती. केमोतलं सायक्लोफॉस्फामाइड अंडाशयातला बीजांचा साठा संपवत नेतं, हे तिला ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनी सांगितलं होतं. त्या सिस्टरना मी मनातल्या मनात हात जोडले. दोन वर्षांपूर्वी एक बाई चार केमो झाल्यावर आमच्याकडे आल्या होत्या, बीजांचा साठा दाखवणारं एएमएच जवळजवळ शून्य. "जीव वाचतोय ना, मग मुलांचं काय घेऊन बसलात," असं कुठल्याशा ओपीडीत त्यांना ऐकवलं होतं. त्यांना काय सांगायचं, ते मला आजही सुचत नाही.

आता पाळीची वाट बघावी लागत नाही, पेशंट येईल त्या दिवसापासून बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू करता येतात. हिला अकरा दिवस लागले. गाठ हार्मोनवर वाढणारी, मग हार्मोनचीच इंजेक्शनं कशी, असं तिच्या मावशीने विचारलं होतं. शंका रास्तच. म्हणून तर सोबत लेट्रोझोल देतात, इस्ट्रोजेन चढू नये म्हणून.

तिचा प्रश्न वेगळा होता. "बीजांत कॅन्सर जाणार नाही ना?"

"कॅन्सर नाही जात. पण बीआरसीए या स्तनाच्या कॅन्सरशी संबंधित जनुकात दोष निघाला, तर तो बीजातून बाळाकडे जाऊ शकतो. निम्मी शक्यता. तुझा रिपोर्ट यायचाय ना?"

तिने मान हलवली आणि बोटांवर हिशेब सुरू केला. कृत्रिम प्रजननाच्या २०२१ च्या कायद्याने बीजं दहा वर्षं ठेवता येतात. "म्हणजे मी सदतीसची होईन." मध्ये टॅमॉक्सिफेनची, म्हणजे कॅन्सर उलटू नये म्हणून घ्यायच्या गोळीची, वर्षं. काहीजणींना दीड-दोन वर्षांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते थांबवून गरोदरपणाचा प्रयत्न करता येतो. तशा बायकांत निदान पहिल्या काही वर्षांत तरी कॅन्सर जास्त उलटला नाही, असं २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. हे तिला माहीत होतं. माझ्यापेक्षा नीट वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंडाशयातून काढलेलं लालसर पाणी डिशमध्ये ओतलं. मायक्रोस्कोपखाली बीज दिसतं ते पिंजलेल्या कापसात गुंडाळल्यासारखं. तो कापूस काढला की मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढा गोल उरतो. त्याच्या कडेला बारीक टिकली दिसली, म्हणजे ते पक्व. तेरा बीजं मिळाली, नऊंना टिकली होती. शेवटच्या द्रावणात मिनिटभर, मग बारीक पट्टीवर बीजासकट थेंब, आणि थेट उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. त्या मिनिटात मी श्वाससुद्धा जपून घेते, वीस वर्षांची खोड आहे.

नऊ बीजं म्हणजे बाळाची हमी नाही, हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं. पट्ट्या निळ्या कांडीत लावून टाकीत ठेवल्या. जाताना तिने माझा नंबर मागून घेतला.

पहिल्या केमोच्या सकाळी मेसेज आला. "ताई, टाकीत नायट्रोजन भरलंत ना?"

सोमवार होता. टाकीत मोजपट्टी घालून नायट्रोजनची पातळी मोजली, वहीत लिहिली आणि त्या पानाचा फोटो तिला पाठवला.