आमची वाटचाल: पासपोर्ट फोटोपासून न्यूडपर्यंत

ठाण्यात नौपाड्याला बाबांनी १९८६ ला गाळा घेतला तेव्हा पुढे काउंटर आणि मागे पडदा लावून केलेली डार्करूम, एवढाच पसारा. लाल बल्बखाली ट्रेमध्ये कागद हलवताना चेहरा हळूहळू वर यायचा ते बघायला मी शाळेतून थेट दुकानात, कपड्यांना हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास लागला की आई ओरडायची. धंदा मात्र पासपोर्टचा. दोन्हीकडून लाइट, चेहऱ्यावर सावली नको, आणि गिऱ्हाइकाचं ठरलेलं, जरा गोरं करा हो. बाबा मग प्रिंटला उजेड थोडा कमी द्यायचे, झाला माणूस गोरा.

पुढे कलर आला, डिजिटल आलं, डार्करूमचं स्टोअर झालं, सगळ्यांचंच झालं. बाबा गेल्यावर मी लग्नाच्या ऑर्डरी घेतो आणि अल्बम, हिशोब बायको बघते.

आता लोक म्हणतात ब्लॅक अँड व्हाइट करून द्या, क्लासी दिसतं. अहो, रंग काढला की फोटो उलट उघडा पडतो. लाल साडी आणि मागची हिरवी भिंत रंगात कशी छान वेगळी दिसते, तीच ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दोन्ही एकाच राखाडीत जाऊ शकतात, मग उजेड कुठून आला आणि सावली कुठे पडली यावरच सगळं. आणि आम्ही तर सावली पुसणारी माणसं!

हे मला खारकर आळीतल्या एका आजींमुळे कळलं. नातू घेऊन आला होता, खिडकीशी बसवलं, अर्धा चेहरा अंधारात. कॉम्प्युटरवर ब्लॅक अँड व्हाइट करताना रेड चॅनल, म्हणजे फोटोतल्या लाल रंगाचा वाटा, वाढवला की कातडी उजळते, डाग विरतात, ब्लू वाढवला की सुरकुतीन् सुरकुती वर येते, जुने लोक हेच लेन्सवर रंगीत फिल्टर लावून करायचे. मी मधलं धरलं. नातू म्हणाला अर्धा फोटो काळाच आलाय. आजी म्हणाल्या, मोतीबिंदूचा डोळा बरोबर काळोखात घातलास रे. खरं सांगू का, मी तो विचारच केला नव्हता, पण तेव्हापासून करतो.

मग एक चित्रकार बाई आल्या, पन्नाशीच्या, त्यांना स्वतःचे न्यूड हवे होते. मी चाचरलो. बायको म्हणाली करूया, मी थांबते तिथे. तरी मला इतकं टेन्शन की सवयीने पासपोर्टसारखेच दोन लाइट लावले. फोटो बघून बाई म्हणाल्या, हे डॉक्टरला दाखवायचेत का?

पैसे घेतले नाहीत, महिनाभर मुदत मागितली. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने १९३० मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून फोटो काढलाय, बघताना वाटतं कोणीतरी पाठ वाकवून बसलंय. म्हटलं आपणही तिथूनच सुरू करू. जांभळी नाक्यावरून वाकड्यातिकड्या मिरच्या आणल्या (भाजीवाला चांगल्या घ्या म्हणत होता) आणि रात्री शटर ओढून एकच लाइट फिरवत बसलो. समोरून मारला की मिरची सपाट, बाजूने घेतला की गोलाई यायला लागते, थोडा मागे नेला आणि दुसऱ्या बाजूला उजेड खायला काळा कपडा टांगला तेव्हा कुठे ती जिवंत झाली. शिवाय कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सगळं मधल्या राखाडीकडे ओढतो, काळं जास्त असलं की त्याचा राखाडी चिखल होतो, म्हणून एक्स्पोजर दीड स्टॉप खाली, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड बराच कमी घेतला.

बाई परत आल्या तेव्हा तसंच केलं. पोज देऊन काढलेले सगळे फोटो बाद, खांदे नीट पण माणूस गायब. जमला तो एकच, ब्रेकमध्ये केस बांधताना त्या मान वळवून बायकोशी काहीतरी बोलत होत्या, पाठीच्या कण्यावर उजेडाची एक रेघ, बाकी काळोख. कमरेशी प्रसूतीच्या जुन्या खुणा होत्या, फोटोत त्या पुसल्या नाहीत. तेच शरीर, तीच खोली, पण आता ते कोणाचं आहे हे दिसत होतं.

फाइल्स त्यांना दिल्या, आमच्याकडच्या त्यांच्यासमोर डिलीट केल्या, आता अशा कामाला तोच नियम. त्यामुळे शोकेसमध्ये न्यूड नाही, आजी आहेत आणि मिरची आहे. येणारे जाणारे मिरचीपाशी थबकतात, हळूच विचारतात कोणाची पाठ आहे ही. बायको आतून सांगते, भाजी झाली तिची.