तिजोरीची किल्ली हाती असूनही

पुण्याला आलो की कोणी ना कोणी विचारतेच, म्हणून एकदाचे लिहून टाकतो. प्रश्न असा : इराक युद्धाला कंटाळून तुम्ही अमेरिकनांनी २००६ साली काँग्रेसची दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटांच्या हाती दिलीत, तिजोरीची किल्लीही त्यांच्याकडे आली, मग त्यांनी युद्धाचा पैसा का अडवला नाही? यातला ‘तुम्ही’ टोचतो, पण न्यू जर्सीचा मतदार म्हणून तो मला नाकारता येत नाही.

प्रयत्न झालाच नाही, असे नाही. एप्रिल २००७ मध्ये निधीच्या विधेयकात १ ऑक्टोबरपर्यंत माघार सुरू करण्याची अट घातली गेली, बुश यांनी १ मे रोजी नकाराधिकार वापरला, आणि तो मोडायला दोन तृतीयांश मते हवी असताना प्रतिनिधिगृहात २२२ विरुद्ध २०३ एवढीच पडली. इथपर्यंत मी त्यांची बाजू आजही घेतो.

२४ मेचे मात्र मला समर्थन करता येत नाही. त्या दिवशी बहुमतवाल्यांनी विधेयकाचे दोन तुकडे करून मतदान घेतले : एकात किमान वेतनवाढ आणि देशांतर्गत खर्च, दुसऱ्यात माघारीच्या तारखेविना युद्धाचा निधी. त्यामुळे सभापती पेलोसी यांनी ज्या निधीविरुद्ध मत दिले, तोच त्यांनीच आखलेल्या व्यवस्थेतून २८० विरुद्ध १४२ मतांनी मंजूर झाला. होकार देणाऱ्यांत ८६ डेमोक्रॅट होते. मी टीव्हीसमोर चडफडत होतो. बायकोने विचारले, “आपल्या माणसाने कुठे मत दिले?” “विरोधात.” “मग तू चिडतोस कोणावर?” मला उत्तर देता आले नाही. आठवडाभर त्याच माणसाच्या कार्यालयात मी फोन करत होतो, आणि पलीकडचा तरुण पत्त्याचा झिप कोड विचारून माझा विरोध नम्रपणे टिपून घेत होता.

पैसा न देण्यासाठी दोन तृतीयांश मते लागत नाहीत; विधेयक पटलावर आणलेच नाही, तरी पुरते. तेव्हाचा मी हेच ओरडून सांगत असे, आणि आघाडीवरच्या दीड लाख सैनिकांचे काय, असे कोणी विचारले की १९७३ चा दाखला देत असे : १५ ऑगस्टनंतर कंबोडियावरची बॉम्बफेक काँग्रेसने निधी तोडूनच थांबवली होती. आज त्याला विचारावेसे वाटते, की तोवर व्हिएतनाममधले सैन्य घरी परतले होते, हे तू का सांगत नव्हतास? यावर तो म्हणेल, मग सैन्य परतेपर्यंत पैसा देतच राहायचे का? आमचा हा वाद मिटलेला नाही.

तारीख अखेर ठरली ती २००८ मध्ये, बुश प्रशासनानेच इराक सरकारशी केलेल्या करारात : ३१ डिसेंबर २०११. त्या करारावर बगदादच्या संसदेत मतदान झाले. वॉशिंग्टनमध्ये तो काँग्रेसपुढे मंजुरीसाठी ठेवलाच गेला नाही.