वायू लागनी

चोपड्याजवळच्या आमच्या शेतात परवा ट्यूबवेल खोदणं चालू होतं. दीडशे फुटांवर मशीनवाले बाबा ओरडले, "भाऊ, वायू लागनी!" मी खाटेवरून ताडकन उठलो. अहिराणीत वायू म्हणजे वाळू, हे मला जन्मापासून ठाऊक. पण सात वर्षं समुद्रातल्या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर मड लॉगरचं, म्हणजे विहिरीतून वर येणारा चुरा तपासायचं, काम करून कान बदललेत. तिथे वायू लागला की सगळ्यांची झोप उडते.

बाबांनी दर दहा फुटांचा एकेक ढीग बांधावर ओळीने मांडला होता. काळी माती, पिवळी, पुन्हा पिवळी, त्यात चुनखडीचे खडे, मग ही गोल गुळगुळीत वाळू. माझंही काम हेच. चिखलासोबत वर आलेला चुरा चाळणीवरून उचलायचा, धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, ॲसिडचा थेंब टाकायचा. फसफसला तर चुनखडक. चुरा वर यायला वेळ लागतो, म्हणून तो किती खोलीवरचा हे गणिताने काढावं लागतं. बाबा ते बोटांवर काढतात.

आप्पांनी विचारलं, आपल्या तापीचा गाळ तुमच्यापर्यंत येतो का?

हा प्रश्न मला फार आवडला. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी, दमणच्या बाजूला, समुद्रतळाखाली नद्यांच्या गाळाचे जाडजूड थर आहेत. दाबून त्यांचा शेल, म्हणजे चिखलाचा खडक, आणि वाळूखडक झालाय. मुंबई हाय हे तेलक्षेत्र मात्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, समुद्रबूड जमिनीवरचा उंचवटा. १९७४ साली 'सागर सम्राट' या रिगने तिथेच तेल शोधलं. दोनेक कोटी वर्षांपूर्वी तिथवर गाळ फारसा पोचत नव्हता. पाणी उथळ, नितळ. त्यात शेवाळं आणि इवल्या कवचांचे जीव वाढले, मेले, त्यांचा चुना थरावर थर साचला. मधेच कधी गाळ यायचा, म्हणून त्या चुनखडकात शेलचे पातळ पापुद्रे दिसतात. पुढे गाळ खरोखरच आला आणि शेलचं जाड झाकण बसलं. आता तो चुनखडक तेराशे-चौदाशे मीटर खोल आहे नि त्याच्या छिद्रांत तेल आहे. गाळ आला नाही म्हणून खडक झाला, आणि नंतर आला म्हणून त्यातलं तेल टिकलं.

त्याच्याही खाली बऱ्याच ठिकाणी काळा पाषाण लागतो. अजिंठ्याच्या डोंगराचा, आपल्या गाळाच्या तळाशी असतो तोच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हे ऐकून आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत.

आजोबांच्या विहिरीला चाळीस फुटांवर पाणी होतं. आमची ट्यूबवेल चारशेवर थांबली. केळीला पाणी लागतंच, पण ही वाळू भरायला नदीला किती काळ लागला असेल हे ढीग बघताना पोटात कालवतं.

संध्याकाळी पिवळ्या मातीतला चुनखडीचा एक खडा आईच्या खलबत्त्यात कुटला आणि भुकटीवर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले. आप्पांनी चष्मा काढला आणि वाटी कानाशी धरली.